दोनदा काढलेलं बोट

माझा थोरला भाऊ बूट शिवतो. त्याच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. तोंडाला मात्र हवी तेवढी आहे. गिऱ्हाइकानं पाय पुढे केला की दादा बुटाआधी खानदानाचं माप घेतो. "तळवा चपटा, वडिलांकडून आलाय. अंगठा आईचा." रक्तातलं सगळं आपल्याला कळतं, डॉक्टर उगाच वर्षानुवर्षं शिकतात, असा त्याचा ठाम समज.

गेल्या वर्षी त्याच्या सुनेला मुलगा झाला. बाळाच्या दोन्ही पायांना करंगळीच्या बाहेर मुगाएवढं सहावं बोट. दादानं दवाखान्यातच निकाल देऊन टाकला, "आमच्या सात पिढ्यांत असलं काही नाही. हे हिच्या माहेरचं." तेही भेटायला आलेल्या शेजारणींसमोर! सुनेनं उशीत तोंड लपवलं. तिचा नवरा, म्हणजे माझा भाचा, खिडकीबाहेर बघत राहिला. आठवड्यात सुनेची माहेरी रवानगी झाली. तिकडचे लोक दोष कबूल करत नाहीत तोवर तिला आणायची नाही, असा हुकूम सुटला.

आता खरं सांगते. दादा स्वतः सहा बोटं घेऊनच जन्मला होता. आमच्या घरची रीत अशी, की असलं बोट बूट शिवायच्या मेणाच्या दोऱ्यानं मुळाशी आवळायचं. ते काळं पडून गळायचं, आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. भाच्याची बोटं आमच्या आईनं आवळली तेव्हा त्याचे पाय मीच धरले होते. पोर किंचाळत होतं.

मी दादाला म्हटलं, "तुझ्या पायाला काय होतं ते विसरलास?"

"विसरेन कसा? म्हणून तर म्हणतोय! माझं काढलं, पोराचं काढलं. दोनदा काढून टाकलेली वस्तू नातवाला येईल कुठून? तिच्याकडूनच!"

अक्कल गहाण टाकली की माणूस असा बिनतोड बोलतो. मी त्याच्याच घरात राहते, त्याचंच खाते. गप्प बसले. चार महिने.

मग दादाला सुनेच्या माहेरचा दोष लेखी हवासा वाटला. सून, तिची आई, बाळ, सगळ्यांना त्यानं मोठ्या दवाखान्यात बोलावलं आणि स्वतः चकचकीत बूट घालून, भाच्याला आणि मला घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन्ही घरं मांडली. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. सुनेच्या बाजूला काहीच निघालं नाही.

"आणि तुमच्याकडे?"

"आमच्याकडे सगळं स्वच्छ," दादा म्हणाला.

सुनेची मान आणखी खाली गेली. मला ते बघवेना. "दादा, बूट काढ," मी म्हटलं.

दोन्ही पायांच्या कडेला चामखिळीएवढे गोळे. भाच्याच्या पायांनाही तेच. बाईंनी तीन चौकोन काळे केले, आजोबा, बाप, बाळ.

"बूट कापला म्हणून त्याचा लाकडी साचा, तुमचा फर्मा, बदलतो का, काका? बोट गळलं, पण ते घडवायची सूचना अंगातल्या कणाकणात राहते. आईबापांपैकी एकाकडे असली तरी प्रत्येक मुलात उतरायची शक्यता निम्मी. यात कुणाची चूक नाही. बाळ ठणठणीत आहे."

फर्मा म्हटल्यावर दादाला लगेच समजलं. दुसऱ्या मिनिटाला त्याची छाती फुगली. "बघितलंत? आमच्याच रक्ताची खूण! चला सूनबाई, घरी चला." सरडासुद्धा रंग बदलायला याहून जास्त वेळ घेतो.

सून जागची हलली नाही. "बाबा, शेजारणींसमोर बोललात, तसंच आता त्यांच्यासमोर खरं सांगा. मग येते."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"मला जे म्हणाले तेच."

दादा खाली वाकून बुटाच्या नाड्या बांधू लागला. मी तिच्या बाजूनं बोलले, आता ती माझ्याकडे बघून हसेल, असं मला वाटत होतं. तिनं बघितलं.

"आत्या, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हणाले.

तिनं बाळ उचललं आणि आईबरोबर निघून गेली. दादापेक्षा तिला माझा राग जास्त आला होता, आणि तो बरोबरच होता.