संकष्टीला चालणारी व्होडका

संकष्टीच्या दिवशी, सकाळपासून पोटात कण नसताना, भर समुद्रात मी चार ग्लास व्होडका प्यायले आणि तरी आपला उपवास मोडलेला नाही अशी माझी पक्की खात्री होती. कारण व्होडका बटाट्याची होती आणि बटाटा उपवासाला चालतो. असा विचार करणारी बाई तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. अक्कल यायचं वय केव्हाच उलटून गेलं होतं, ती काही आली नव्हती.

आज मी सदुसष्टची आहे. केबिन रोडजवळच्या माझ्या जुन्याच घरात बसून हे लिहितेय. त्या बयेची भीड बाळगायचं मला काही कारण नाही. तिच्यामुळेच तर मी अजून इथे आहे.

तर त्या बयेचं असं झालं होतं की ती नुकतीच बारीक झाली होती. केबिन रोडला साडीच्या दुकानावरच्या माळ्यावर एक डाएटवाली बसायची, तिच्याकडे सहा महिने जाऊन मी अकरा किलो उतरवले. शरीरातून उतरलेले ते अकराच्या अकरा किलो डोक्यात जाऊन बसले. मग दिसेल त्याच्या ताटात माझं नाक. शेजारच्या बारशाला गेले, तर पेढा हातात धरून बाळंतिणीला त्यातल्या कॅलऱ्या सांगितल्या. ती बिचारी तोंडातला पेढा गिळू की थुंकू अशी बघत राहिली. मला वाटलं, प्रभावित झाली.

घरात माझ्या तावडीत सापडायची ती सून. मोरव्याची मुलगी, खाडीकाठी वाढलेली, लहानपणी गावच्या तळ्यात पोहणारी. बाळंतपणानंतर तिचं अंग भरलं होतं. नात तेव्हा सव्वा वर्षाची. सून रात्रभर तिच्यामागे जागायची आणि सकाळी दोन घास जास्त खायची. ते दोन घास मी मोजायची. "तिसरी चपाती?" एवढंच विचारायचं, भुवई उचलून. बाकीचं काम भुवई करायची. सून चपाती परत डब्यात ठेवायची आणि मला त्याचा विजय वाटायचा.

आणि अशा सासूसाठी त्या मुलीने खोली राखून ठेवली होती! मुलाने वरसाव्याच्या बाजूला नवीन घर घेतलं होतं. तीन खोल्या, खाडी दिसणारी खिडकी. एक खोली त्यांची, एक नातीची, आणि खाडीकडची तिसरी म्हणजे "आईंची खोली". हे नाव सुनेनंच पाडलं होतं. आमचे हे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. या घरात खिडकी उघडली की समोरच्यांचा एक्झॉस्ट फॅन दिसतो, त्यांच्याकडे आज काय फोडणीला पडलं ते मला त्यांच्या नवऱ्याच्या आधी कळतं. मला ती खाडीकडची खोली हवी होती. इतकी हवी होती की कुणाला दिसू नये म्हणून मी "बघू, बघू" म्हणत होते.

घराची चावी मिळायच्या आधी मुलाने आम्हां सगळ्यांना क्रूझवर नेलं. मुंबईहून निघायचं, पाण्यात फिरायचं आणि परत मुंबईलाच उतरायचं. पहिल्या संध्याकाळी केबिनमध्ये सुनेनं रंगांचं पत्रक माझ्यासमोर धरलं. "आई, तुमच्या खोलीला कुठला? तुम्हीच सांगा." मी फिकट अबोलीवर बोट ठेवलं. तिने तिथे पेनाने खूण केली.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. जहाजावर जैन जेवण होतं, पण साबुदाणा नव्हता. सुनेनं आठवणीने राजगिऱ्याचे लाडू घेतले होते, पण त्यात गूळ, म्हणजे कॅलऱ्या, म्हणून त्या बयेने तेही नाकारले. पाच वाजता पोहण्याच्या तलावाशेजारच्या बारपाशी मी मेन्यूकार्ड वाचत बसले. त्यात एक वेगळं पान होतं, कमी कॅलरीच्या कॉकटेलचं. साखर नाही, सरबत नाही. व्होडका, सोडा, लिंबू, काकडी, पुदिना. नव्वद कॅलऱ्या. म्हणजे एका चपातीपेक्षा कमी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

बारवर पिकल्या मिशांचा एक गृहस्थ होता. मी विचारलं, "भैया, ये व्होडका किस चीज का है? गेहूँ का तो नहीं ना?"

"गेहूँ का भी है मॅडम, आलू वाला भी है."

"आलू वाला दो. मेरा उपवास है."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग बाटलीकडे बघितलं, आणि ग्लास घेतला. मी पर्समधून सैंधव मिठाची पुडी काढली, कारण साधं मीठ उपवासाला चालत नाही. त्याने ते ग्लासच्या काठाला नीट लावून दिलं. इतक्या शुचिर्भूतपणे दारू कुणी प्यायलं नसेल.

पहिला ग्लास थंडगार, कोशिंबिरीच्या पाण्यासारखा. दुसऱ्याला मी शेजारच्या खुर्च्यांवरच्या मीरा रोडच्या गुजराती बायकांना डाएट शिकवायला लागले. तिसऱ्याला त्या हसायला लागल्या आणि मला वाटलं, आपण फार विनोदी आहोत. चौथ्याला सून आली.

तिने पोहण्याचा पोशाख घातला होता, गुडघ्यापर्यंतचा, वरून टॉवेल गुंडाळलेला. कडेवर नात. मुलगा मोबाईल धरून उभा होता, कारण लेकीचं पहिलं पोहणं टिपायचं होतं. सून हळूच म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदाच पाण्यात उतरतेय, आई." आणि तिने टॉवेल काढून खुर्चीवर ठेवला.

त्यानंतरचं मला आठवत नाही. म्हणजे मी तसं सांगायची. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं ठणकत असताना मी मुलाला म्हणाले, "मी काही बोलले नाही हं तिला. तुझ्या बायकोला उगाच लागतं." त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला.

त्यात ती बया होती. हातात ग्लास, ओठाला सैंधव. सगळ्यांना समजावं म्हणून हिंदीत ओरडत होती, "अरे बहू, तू मत उतर! सब पानी बाहर आ जाएगा!" गुजराती बायका खिदळल्या. तेवढ्यावर थांबावं की नाही? ती उठून उभी राहिली, दोन्ही हात पसरून माप दाखवलं आणि मराठीत म्हणाली, "हिला आता ट्रेडमिलच आणा बाबा. आणि एक अख्खी खोली द्या, नाहीतर मावायची नाही!"

मग सून दिसत होती. ती रडली नाही. तिने टॉवेल उचलला, आधी नातीला गुंडाळलं, मग उरलेल्या टोकाने स्वतःचं पोट झाकलं, आणि गेली. ती पाण्यात उतरली नाही. मोबाईलमध्ये नंतर नुसताच तलाव होता आणि माझं हसणं.

चंद्रोदय मी पाहिलाच नाही. केबिनमध्ये पालथी पडले होते, म्हणजे शेवटी उपवास सुटलाही नाही.

मी नाश्त्याला गेले. सून नातीला इडली भरवत होती. मी समोर बसले आणि माफी मागितली. कशी? तर, "पोटात काही नव्हतं गं. रिकाम्या पोटी चढलं. तूसुद्धा मनाला लावून घेतेस." याला माफी समजणारी ती बया होती, मी नव्हे. आणि वर हेही विचारलं, "अबोली रंग सांगितलास ना रंगाऱ्यांना?"

सुनेनं नातीचं तोंड पुसलं. एरवी ती आमच्याशी अगदी आमच्यासारखं बोलते, रागावली की मात्र तिचं मोरवं बाहेर येतं. माझ्याकडे बघून, आवाज जरासुद्धा न चढवता ती म्हणाली,

"आई, ती खोली आता तुमची न्हाय. तिथं ट्रेडमिल येतंय. तुम्हीच म्हणालात ना, हिला अख्खी खोली द्या म्हणून."