वढलं कोणी?

हिमायतनगरच्या स्टँडवर अण्णांनी माझी पेटी एसटीत सीटखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. ते शाळेत शिपाई. मला पोहोचवायलाही खाकी गणवेश घालून आले होते. गाडी हलायला लागली तसे म्हणाले, "माय, जित्या जनावराची लई सेवा कर. मेलेल्याला हात लावू नको."

मी हाव म्हणाले. उदगीरला जनावरांची डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला ही अट म्हणजे पोहायला जा, पण पाण्यात उतरू नको. पण अण्णांना ते कोण सांगणार?

आमच्यातल्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. गावात बैल मेला की तो ओढून नेणं हे आमच्या माणसांचं काम होतं. बौद्ध धम्म घेतल्यावर आजोबांनी गावाला सांगितलं, आता ओढणार नाही. गावानं वाळीत टाकलं, मजुरी बंद केली, पण आजोबा हलले नाहीत. आमच्या घरात वारसा म्हणावा असा हा एकच नकार होता.

पहिल्याच वर्षी आम्हाला मेलेल्या जनावरावर शरीररचना शिकवली. फॉर्मलिनच्या वासात ते जनावर वाटायचं नाही, म्हणून मनाला फार टोचलंही नाही. घरी काही बोलले नाही. खरी परीक्षा इंटर्नशिपमध्ये आली.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, ते वर्ष. माझी नेमणूक अहमदपूरच्या बाजूला एका चारा छावणीत झाली. माणसं जनावरांसोबत तिथंच राहायला आलेली. चूल, खाट, पोरांचा अभ्यास, सगळं दावणीला. संध्याकाळी एकच चर्चा, उदगीर जिल्हा होणार का. जिल्हा झाला की पाणी येईल, मोठा दवाखाना येईल, असं प्रत्येक जण दुसऱ्याला पटवून देत होता. मी गोचीड काढत, इंजेक्शनं देत ऐकायची. पुस्तकातली गाय आणि लाथ मारणारी गाय यांतला फरक मला त्या छावणीनं शिकवला.

एका सकाळी ज्ञानोबामामांचा बैल मेलेला आढळला. म्हातारा माणूस, सोबत फक्त ती एक जोडी. घटसर्पाची साथ असली तर छावणी उठणार आणि कोरड्या गावांत जनावरं परत जाणार, म्हणून सगळे भोवती जमले. छावणीवरच्या आमच्या डॉक्टर सरांनी कानातलं रक्त तपासून काळपुळी नाही एवढं पाहिलं, कारण त्या रोगात जनावर उघडणं धोक्याचं, आणि सुरी माझ्या हातात दिली. "तू उघड. मी बघतो."

मला अण्णा आठवले. पण कोणी हुकूम सोडला म्हणून मी ते जनावर उघडत नव्हते. ते का मेलं हे सांगणारी तिथं मी होते, म्हणून उघडत होते. पोटात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सुतळीचा हा मोठा गोळा निघाला. घटसर्प नव्हता. छावणीनं श्वास सोडला.

मग मागून कोणीतरी सहज म्हणालं, "आता वस्तीवरल्या लोकांला बोलवा. वढून नेतील."

त्या आवाजात द्वेष नव्हता, नुसती सवय होती. तिचाच मला जास्त राग आला.

"ते येणार न्हाईत," मी म्हणाले. "आमच्या आज्यानंच सोडलंय ते काम."

मॅडम कोणाच्या, हे तेव्हा कळलं त्यांना. सर चष्मा पुसत राहिले. ज्ञानोबामामा उठले, बैलाच्या पायाला दोर बांधला आणि म्हणाले, "माझा हाय. मीच नेतो." एकट्यानं हलेना, तेव्हा बाकीच्यांनी खाली मान घालून दोराला हात लावला.

त्या रविवारी घरी जाऊन अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वढलं कोणी?"

"मालकानं."

"मग जेवून घे," ते म्हणाले.

आता मी न्यूझीलंडमध्ये डेअरी फार्मवर फिरते. इथं हजारात एक गाय मेली तर फोन करायचा, क्रेनवाली गाडी येते. ड्रायव्हरचं आडनाव कोणी विचारत नाही. माझं विचारतात, पण ते उच्चारता येत नाही म्हणून. सुरुवातीला हे मोकळेपण इतकं आवडलं की गावाची आठवणच येत नव्हती. उदगीर अजून जिल्हा झालेला नाही, हे अण्णा मात्र दर फोनला सांगतात.

गेल्या हिवाळ्यात चिखलात एक वासरू मेलं आणि गाडी आत येईना. फार्मच्या मालकानं पुढचे पाय धरले, मी मागचे. फाटकापर्यंत ओढत नेलं. घरी येऊन हात धुतले, पुन्हा धुतले, आणि अण्णांना फोन लावला. सांगितलं नसतं तर त्यांना कळणार नव्हतं, पण मला करमलं नसतं.

पलीकडं अण्णांनी नीट ऐकू यावं म्हणून पंखा बंद केला.

"मालकानं बी हात लावला?"

"हाव अण्णा. बरोबरीनं."

"मग न्हाई काही," ते म्हणाले. "चांगलं गाव दिसतंय."

माझं घर कुठलं, असं इथं कोणी विचारलं की मी हिमायतनगर सांगते. माझ्या हातांचा हिशेब अजून तिथंच द्यावा लागतो.