मिनी आजी वाट वाकडी करायची

एल्वाला आजी आठवायची ती आधी नाकाला. पाइपातली तंबाखू, निलगिरीच्या लाकडाचा धूर आणि माशांची खवलं, तिन्हींचा मिळून तो वास. गोऱ्या हॅलोरनांच्या अफाट वाडीवर गुरं गोळा करायचं काम संपलं की पाऊस लागायच्या आत काळ्या गडीमाणसांना सुटी मिळायची. मग मिनी आजी सगळी पोरं गोळा करून नदीवर निघायची. डोक्यावर पिठाची पिशवी, काखेत चहाचा काळा डबा, तोंडाचा पट्टा सुरू.

एका वळणापाशी मात्र तो पट्टा थांबायचा. पायवाट सरळ नदीत उतरत असली तरी आजी ती सोडून काटेरी गवतातून लांबचा वळसा घ्यायची.

"आजी, नदी ही काय समोर! पाय फाटले आमचे," एल्वा कुरकुरायची.

"फाटू दे. तिथं आपली माणसं निजलीत. गुपचूप चल."

मग थांबून, वळणाकडे तोंड करून आजी आपल्या बोलीत मोठ्याने सांगायची, "ही माझीच पोरं आहेत. ओळख ठेवा." पलीकडे पोचलं की राखेत भाकर, तिच्यावर पाक, आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात धुडगूस. म्हातारपणी एल्वा म्हणायची, तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

निजलेली माणसं कोण, ते आजीने एकदम कधीच सांगितलं नाही. एल्वा मोठ्या घरात कामाला लागली, हॅलोरनांचा तान्हा कॉलिन तिच्या कडेवर आला, तेव्हा मासे साफ करता करता आजीने पहिल्यांदा तोंड उघडलं. आजी चिमुरडी होती तेव्हाची गोष्ट. पहाटे घोडे आले. आईने तिला काठावरच्या झाडाच्या मुळांखाली, कपारीत कोंबलं. तिथून तिला दिसलं काहीच नाही. ऐकू मात्र सगळं आलं.

"त्यांच्यात मालकांचे आजोबा होते?" एल्वाने दबक्या आवाजात विचारलं.

"दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन तेच आले, मला उचलून स्वयंपाकघरात नेलं. जागा त्यांना कुणी दाखवली असेल, तूच बघ." आजीने मासा उलटला आणि दुसरी बाजू खरवडायला घेतली.

उरलेलं एल्वाला पहिलं मूल झाल्यावर कळलं. गोळ्या थांबल्यावर एक शिपाई कपारीशी वाकला होता. काळाच, पण गोऱ्यांनी पोलिसात भरायला दूरच्या मुलखातून आणलेला. छातीवर कोरून घेतलेले व्रण परक्या जमातीचे. त्याने पोरीच्या डोळ्यांत डोळे घातले. वरून गोऱ्या साहेबाने विचारलं, "काय आहे रे?" तो म्हणाला, "काही नाही साहेब, घोरपड आहे," आणि झाडाची साल ओढून कपार झाकली.

"मला घोरपड म्हणाला मेला!" एवढं सांगून आजी पोट धरून हसली. मग विझलेला पाइप पुन्हा पेटवायला घेतला. "त्याच हातांनी माझी आई मारली असेल, एल्वा. त्याला शिव्या घालू की त्याच्यासाठी रडू, मला अजून उमगलं नाही."

आजी गेली. पुढे वाडीवरची काळी माणसं गावात येऊन राहिली. एल्वाने इस्पितळाच्या धोबीखान्यात हयात काढली. साठीला आली तेव्हा वाडीवरून बोलावणं आलं. हॅलोरनांच्या पूर्वजांच्या नावाचा दगड बसवणार होते. जुन्या माणसांनी यावं. भावाची लेक लोरेटा तिला गाडीतून घेऊन गेली.

हिरवळीवर मांडव, भाजलेलं मांस, खोबऱ्याचा केक. कॉलिन, आता टक्कल पडलेला मालक, बोलायला उभा राहिला. "आमच्या पणजोबांचं मन मोठं. नदीवर एक काळी पोर हरवलेली सापडली, तिला त्यांनी घरात आणून वाढवलं. हीच आपल्या एल्वाची आजी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एल्वा बसल्या जागेवरूनच म्हणाली, "सापडली खरी. पण कॉलिन, बाळा, हरवली कशी, ते सांगायचं राहिलं."

सगळे आपापल्या ताटात बघू लागले. कॉलिनची बायको जवळ येऊन पुटपुटली, "एल्वा, आज नको." एल्वाने शांतपणे केक संपवला. लोरेटाने तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला.

काही दिवसांनी कॉलिन हॅट हातात घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"इतक्या गोष्टी सांगून मला निजवलंस. ही कधी नाही सांगितलीस."

"तुझ्या आईच्या घरात सांगायची नव्हती ती. चल, गाडी काढ."

लोरेटाही बरोबर निघाली. वळणाच्या अलीकडेच एल्वाने गाडी थांबवायला लावली आणि त्या जाडजूड माणसाला काटेरी गवतातून चालवलं. तो धापा टाकत तिच्या मागून आला. एल्वाने वळणाकडे तोंड करून आपल्या बोलीत साद घातली.

"काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं, हा हॅलोरन आहे. पण याचं ढुंगण मी धुतलंय."

कॉलिनला हसू फुटलं. मग एल्वाने पहाटेचे घोडे सांगितले, कपार सांगितली, दुसऱ्या दिवशीची गाडी सांगितली. कॉलिन वाळूत बसला आणि लहान पोरासारखा रडला. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. शेजारी बसून राहिली एवढंच.

कॉलिन त्यांना घरी सोडून गेल्यावर लोरेटाने विचारलं, "आत्या, शिपायाचं गाळलंस?"

"ते ऐकलं असतं तर तेवढंच धरून ठेवलं असतं त्याने. काळ्यांनीच मारलं, काळ्यानेच वाचवलं, की झाले हे मोकळे. ते आपलं आहे, आपल्यातच राहू दे."

दगड तसाच राहिला; कॉलिनच्या भावांनी त्यावर एक अक्षरही घालू दिलं नाही. कॉलिनने मात्र वळणाला कुंपण घालून गुरांची वाट बंद केली आणि फाटकाची किल्ली एल्वाला आणून दिली. तुडवलेल्या काठावर पुन्हा लव्हाळे आले. एल्वाला ते पुरेसं वाटलं नाही, आणि तिने तसं त्याला तोंडावर सांगितलंही. तरी पाय चालत होते तोवर ती लोरेटाच्या पोरांना घेऊन दरवर्षी नदीवर जायची. तिची भाकर हटकून करपायची. पोरं नाकं मुरडून पाकात बुचकळून खायची, आणि ती पाण्यात पाय सोडून त्यांचा दंगा ऐकत बसायची.