मामांच्या ब्रेकमधली हवा

न्हावऱ्याच्या आमच्या मामेसासऱ्यांइतका पाहुण्यांवर जीव टाकणारा माणूस साऱ्या शिरूर तालुक्यात सापडायचा नाही. फक्त त्यांना पाहुण्याचा उजवा पाय लागतो. दारात त्यांचा म्हातारा ट्रक आहे. कांद्याच्या गोण्या वाहून त्याचे ब्रेक वरचेवर दुरुस्तीला येतात, आणि काम झालं की पायपात शिरलेली हवा काढावी लागते. एकानं केबिनमध्ये बसून ब्रेक दाबून धरायचा. मामा खाली झोपून चाकामागचा हवा काढायचा निपल ढिला करणार, तेलातून बुडबुडे फसफसले की आवळणार आणि ओरडणार, "सोड!" त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत, आणि मामा तावातावानं बाहेर. विमा एजंट, म्हशींचे डॉक्टर, सत्यनारायणाला आलेले गुरुजी, सगळे त्या केबिनमध्ये चढलेले मी पाहिलेत. मतं मागायला आलेल्या एका उमेदवारानं पाय लवकर काढला, तर मामा गाडीखालूनच म्हणाले, "ह्यो तालुका काय धरून ठेवणार!"

लेकीला, सुमनला, बघायला राहू गावचं स्थळ येणार होतं, त्या दिवशी तरी ट्रकला हात लावू नका, असं मामींनी बजावलं होतं. मुलगा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पॅन्टमध्ये उतरला. मामांची नजर चेहऱ्यावरून निघून पायावर थांबली. "पावणं, जरा वर बसता का?" त्याला वाटलं, ओसरीवर. बसला केबिनमध्ये.

शेवटच्या चाकापर्यंत सगळं सुरळीत झालं. मामांनी "धर!" म्हटलं, निपल आवळला, आणि तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी उसाच्या बेण्याचा विषय काढला. मामा हात पुसत ओसरीवर गेले ते तिथंच रमले. चहा झाला, मुलीला बोलावलं, तर मुलगाच नाही! शेवटी सुमनच पोह्यांची बशी घेऊन केबिनशी गेली.

"अवो, पाय काढा की आता."

"मामा सोड म्हणल्याबिगर कसा काढू? पुन्हा हवा शिरंल न्हवं!"

सुमन खळखळून हसली आणि पायरीवर उभी राहून बोलत राहिली. पुढं तो लंगडतच ओसरीवर आला तेव्हा मामी रडकुंडीला आल्या होत्या. "आलेलं स्थळ घालवलंत!" मामांनी शेती विचारली नाही, पगार विचारला नाही. केबिनमध्ये चढून ब्रेक दाबला. "दगडावानी लागतोय! हवेचं नाव न्हाई. आपली पसंती हाय." सुमनची तर आधीच होती.

लग्न होऊन ती राहूला गेली. परवा न्हावऱ्याला गेलो आणि अर्थातच केबिनमध्ये बसलो. पाहुणा नसला की तिथं सुमनच बसायची, हे मामींनी मला वर चढतानाच सांगितलं. खालून हाक आली, "सुमे, धर!"

मी धरला. खाली फिरता पाना मध्येच थांबला, पुन्हा फिरला, निपल आवळला गेला. मग हलकेच ऐकू आलं, "सोडा, जावईबापू."