शनिवारची फ्लॉपी

श्रीधरला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. सत्त्याऐंशी साली वर्ध्याच्या त्या संस्थेत कॉम्प्युटर आला, तो सांभाळायचं काम याच्या गळ्यात पडलं, आणि मग तर त्याच्या जिवाला घोरच लागला. यंत्र एक, बसणारे तिघं. रूपराव पगार करायचे, माणिक पत्रं टाइप करायचा, आणि सरोजिनीबाई गावोगाव हिंडून म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून ज्वारीच्या जुन्या वाणांची माहिती लिहून आणायच्या. ज्याची त्याची फ्लॉपी वेगळी. त्यातली एखादी बिघडली तर? या विचारानं त्याला जेवण गोड लागेना.

शेवटी त्यानं शिस्त लावली. दर शनिवारी तिघांच्या फ्लॉप्या मागून घ्यायच्या, सगळ्यांच्या फाइली एका निराळ्या फ्लॉपीवर उतरवायच्या आणि ती कपाटात कुलूपबंद ठेवायची. प्रत्येक वेळी पडद्यावर कॉपी झाल्याचं उमटलं की त्याला तेवढ्यापुरतं हायसं वाटे. सरोजिनीबाईंच्या कागदांचे गठ्ठेही त्यानंच रद्दीत घालायला लावले. त्या का-कू करत होत्या, तर हा म्हणाला, "मी आहो ना बाई."

पावसाळ्यात बाईंच्या फ्लॉपीला बुरशी धरली. श्रीधरनं ऐटीत कपाटातली फ्लॉपी काढली, बाईंची फाइल उघडली, तर समोर रूपरावांचा पगार! त्याचं धाबं दणाणलं. लिहायला बसलं की आधी वर 'श्री' काढायची आपली सवय. तिघांनीही आपापल्या फाइलीला तेच नाव दिलेलं. वेगवेगळ्या फ्लॉप्यांवर ते खपून गेलं. एकीवर येताच मात्र नंतरच्या श्रीनं आधीची पुसली, आणि यंत्रानं हूं की चूं केलं नाही. रूपरावांचा नंबर नेहमी शेवटी असायचा.

बाई रागावल्या नाहीत, याचाच त्याला जास्त त्रास झाला. पुन्हा गावं फिरू, असं त्यानंच म्हटलं आणि त्यांच्याबरोबर अल्लीपूरच्या बसमध्ये बसला. वाटभर त्याची नुसती चुळबुळ.

पहिलं घर लक्ष्मणरावांचं. त्यांच्याइतके जुने वाण पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हते. दारात त्यांची बायको शकुबाई आली. तिचं कपाळ पाहून बाई थबकल्या. श्रीधरला कसला धीर! लक्ष्मणरावांनी सांगितलेलं सगळं परत लिहून घ्यायचं आहे, हे त्यानं एका दमात सांगून टाकलं.



"आता कोण सांगन भाऊ?" शकुबाई म्हणाली. "जाताना मले म्हणत होते, बाईनं सारं लिहून नेलं, आता चिंता नाई."