चार ताऱ्यांची खानावळ

काचेपलीकडे एक म्हातारा एकटाच जेवत होता. पावाच्या तुकड्याने ताटलीतला उरलेला रस्सा सावकाश पुसून घेत होता, साऱ्या फ्लॉरेन्समध्ये त्याला दुसरं काही काम नसल्यासारखा. बाहेर मी आणि माझी बायको सुधा भुकेले उभे होतो.

“अहो, इथेच बसू या ना,” सुधा म्हणाली.

पण माझ्या फोनवर त्या खानावळीला चारच तारे होते. “पुढे बघू,” मी म्हणालो.

पुलापलीकडे बघितलं, चर्चमागच्या गल्लीत बघितलं. कुठे फार गर्दी, कुठे कुणीच नाही म्हणून शंका. हा नाद आजचा नाही. घर घेतानाही मी तीन वर्षं असाच पुढे बघत राहिलो आणि खिडकीतून डोंगर दिसणारा फ्लॅट हातचा घालवला. चांगलं काही समोर आलं की मला वाटतं, याहून चांगलं पुढच्या वळणावर असेल.

पाय दुखायला लागल्यावर आम्ही त्याच काचेपाशी परतलो. दार बंद. इथली स्वयंपाकघरं दुपारी बंद होतात ती थेट संध्याकाळी उघडतात, हे मला ठाऊकच नव्हतं. म्हाताऱ्याच्या टेबलावर आता आचारी स्वतः जेवत होता. आम्हाला बघून त्याने सात बोटं दाखवली.

सुधा बूट काढून पायरीवर बसली. “सात वाजता इथेच जेवायचं. कळलं?”

मी मान डोलावली. मग तिची नजर चुकवून फोन काढला. सातला आणखी कुठे काय उघडतं, ते नुसतं बघून ठेवावं म्हणून.