नाकवाल्या ट्रकचं अ‍ॅव्हरेज

ट्रकअड्ड्यावर त्याला सगळे ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणत. चिडवायला म्हणत हो, पण या गृहस्थाला ती पदवी वाटायची. कुणी हाक मारली की छाती फुगवून वळायचा. अड्ड्याला लागूनच असलेल्या घरात मशीनवर शर्टांच्या कॉलरी शिवत बसलेली त्याची बायको खिडकीतून ते ऐकायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची.

ट्रक बापाच्या वेळचा, नाकवाला. इंजिन पुढं बाहेर आलेलं, दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही, आणि डिझेल पिणं म्हणजे नुसतं ढोसणं. मिस्त्री सांगून सांगून थकला, “अरे बाबा, नोझल साफ करून घे, ब्रेक चाकाला घासतायत ते सोडवून घे, आपोआप फरक पडेल.” पण छे! मिस्त्रीचं ऐकेल तर हा अ‍ॅव्हरेज कसला? डिझेल कमी जळावं म्हणून यानं नळीला लोहचुंबक बांधले. इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून एअर फिल्टर काढून फेकला. धूळ खाऊन इंजिन खोकायला लागलं, तर म्हणतो, “जुनी घाण बाहेर पडतेय.” उतार लागला की इंजिन बंद, मग ब्रेक लागले तर लागले. चढाचं भाडं तर घ्यायचाच नाही. गिऱ्हाईक हात जोडून दुसऱ्याकडं जायचं आणि हा संध्याकाळी तोंड वर करून बायकोला सांगायचा, “आज सगळं डिझेल वाचवलं!” अशा माणसापुढं तिनं कधीच हात टेकले होते.

एका सकाळी तिच्या दादाचा फोन आला. आई त्याच्याकडंच असायची, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेली. “डॉक्टरांनी आशा सोडलीय,” दादा म्हणाला. “सारखी तुझं नाव घेतेय. असशील तशी निघ.”

ती पिशवीत दोन लुगडी कोंबून बससाठी निघाली, तर हा दारात आडवा. “घरची गाडी उभी असताना बसनं जायचं? लोक मला काय म्हणतील?” सासूसाठी तरी आज हा माणूस गाडी जोरात हाणेल, असं बिचारीला वाटलं. तिथंच ती फसली.

आधी गाडी पंपावर. याची रीत अशी, की टाकी गळ्यापर्यंत भरायची, फुटबोर्डवर चढून गाडी गदागदा हलवायची, आतली हवा बुडबुडत वर आली की पुन्हा वरून भरायचं. नाहीतर म्हणे अ‍ॅव्हरेजचा हिशेब चुकतो. पंपावरची माणसं हसत होती आणि ही केबिनमध्ये पिशवी छातीशी धरून हेलकावे खात होती.

“अहो, आई तिकडं शेवटच्या घटका मोजतेय!”

“अगं, पण एवढा लांबचा सलग रस्ता पुन्हा कधी मिळायचा मला?”

रस्त्याला लागल्यावर काटा चाळीसच्या वर जाईल तर शपथ. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर हॉर्न देत पुढं निघून गेला. “जरा दाबा ना,” ती परत परत म्हणत होती. तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि हा पायाखाली अंडं ठेवल्यासारखा अ‍ॅक्सिलरेटर जपत होता.

पुढं उघडं माळरान लागलं आणि समोरून जोराचा वारा सुटला. यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

“काय झालं?”

“वारा समोरून आहे. पडू दे जरा. अशा वाऱ्यात डिझेल किती जळतं, कल्पना आहे का तुला?” असं म्हणून हा पठ्ठ्या तोंडावर टॉवेल टाकून सीटवर आडवासुद्धा झाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला वेळ कुणाला होता? ती पिशवी घेऊन खाली उतरली आणि भर रस्त्यात हात करून उभी राहिली. दुधाचा एक टँकर थांबला. आई आजारी आहे, एवढंच तिनं सांगितलं. “बसा ताई,” ड्रायव्हर म्हणाला आणि त्यानं गाडी अशी पळवली की तिला हुंदका फुटला. टँकर सुटताना मागून नवऱ्याची हाक आली होती, “अगं, थांब की, पडतोच आहे वारा!”

दिवेलागणीला ती पोचली. आईनं डोळे उघडले, हात घट्ट धरला. “आलीस? जेवलीस का?” एवढंच बोलली. पहाटे गेली. माळावर थांबले असते तर हे दोन शब्दसुद्धा नशिबात नसते, या विचारानं ती रडत राहिली.

त्याच दिवशी दुपारी सगळं आटोपल्यावर, माणसं अंगणात बसलेली असताना, हे महाशय उगवले. तोंड पाडून थोडा वेळ दादाशेजारी बसले. पण पोटात राहतंय थोडंच? खुणेनं बायकोला बाजूला बोलावलं.

“अगं, जन्मात मिळालं नव्हतं एवढं अ‍ॅव्हरेज मिळालं! रात्री वारा पडलाच शेवटी. आणि तू नव्हतीस ना, तेवढं वजनही कमी.”

रागसुद्धा आला नाही तिला.

“मग परत जातानाही तेवढंच मिळेल तुम्हाला,” ती म्हणाली. “मी काही येत नाही. आता कधीच नाही.”

यावर या माणसानं काय करावं? परतीच्या वाटेवर उतार किती लागतात, ते बोटांवर मोजायला लागला.